लातुरात सिंधुनं कुठं राहावं

लातूर, ९ जून २०२४

चि. उज्वलास आशीर्वाद.

महेबूबच्या व्हीसीआरचा आवाज तुला आठवतो का गं? कॅसेट तोंडात घेताना तो आधी 'खट्' म्हणायचा. मग आत काहीतरी घरघरायचं, घास नीट बसला की नाही ते चाचपून बघितल्यासारखं, आणि शाळेच्या पटांगणात बसलेलं सगळं गाव एकदम गप्प व्हायचं. आज सकाळी दाढी करताना काही कारण नसताना तो आवाज कानात आला आणि हात तसाच थांबला. गालावरचा साबण वाळून गेला.

असो. पत्राचं कारण वेगळं आहे. सिंधु दहावीला चौऱ्याण्णव टक्क्यांनी पास झाली आणि डॉक्टरकीच्या तयारीसाठी तिला लातूरला पाठवायचं तुमच्या घरात चाललंय, असं महेबूबनं सांगितलं. त्याची बहीण बानो नांदेडला तुमच्याच गल्लीत राहते, तेव्हा बातमी पक्की असणार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. बापाचं म्हणून वाचू नकोस हवं तर. भूकंपानंतर गाव सोडून लातुरात आलेला आणि इथंच सव्वीस वर्षं काढलेला एक निवृत्त मराठीचा मास्तर काय सांगतो, तेवढं ऐक.

खोली बघताना भिंतीचा रंग बघू नये, गच्चीवरच्या टाक्या मोजाव्यात. इथं नळाला पाणी कधी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. 'पाणी किती दिवसांनी?' असं विचारल्यावर ज्या घरमालकिणीला राग येतो, तिच्याकडे राहू नये. क्लासला चिकटून असलेली खोली तर घेऊच नये. ट्युशन एरियात पोरं जिन्यावरून उतरतात आणि समोरच्या जिन्यावर चढतात. वीस मिनिटं चालावं लागेल अशी खोली घ्यावी. तेवढंच आभाळ मिळतं दिवसाकाठी.

यूट्यूबवर शिकवणारे हजार आहेत. त्यांतले बरेच ओरडतात. मी दोन महिने बघतोय. त्यात परभणीकडच्या एक बाई आहेत, जीवशास्त्र शिकवतात. फळा स्वयंपाकघरात टांगलाय, मधेच कुकरची शिट्टी होते, मग त्या म्हणतात, "थांबा, गॅस बंद करून येते." त्यांचं ऐकावं. पोरं सगळं दीडपट वेगानं ऐकतात म्हणे. पहिल्यांदा तरी साध्या वेगानं ऐकावं, माणूस श्वास कुठं घेतो ते कळलं पाहिजे. मला आता मूत्रपिंडाची रचना कवितेसारखी पाठ झाली आहे. तुझी आई असती तर म्हणाली असती, "मास्तर, आता ह्या वयात दवाखाना टाकता का काय?"

सिंधुनं माझ्याकडे राहावं असं मी म्हणत नाही. माझ्या गच्चीवर टाक्या तीन आहेत, एवढंच कळवतो.

तुझे आप्पा


लातूर, २० जून २०२४

चि. उज्वला,

तुझं पत्र आलं. बावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पोस्टमनला मी बसा म्हणालो, पाणी दिलं. त्याला वाटलं मी मनीऑर्डरीची वाट बघतोय.

सहा ओळींचं पत्र, पण मी दिवसभर पुरवून वाचलं. 'आता तिथं व्यंकट राहत नाही, तेव्हा सिंधुला तुमच्याकडे ठेवायला माझी हरकत नाही.' राहत नाही, असं लिहिलंस. गेल्या दिवाळीत वारला, असं लिहायला तुझा हात धजला नसेल. भाऊ होता शेवटी. निरोप पाठवूनही तू मातीला आली नाहीस, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही, आणि आजही म्हणत नाही.

सिंधुसाठी त्याची खोली काढली आहे. चुना मारून घेतला. पूर्वेची खिडकी आहे. टेबल त्याचंच, पण नवीन सनमायका लावला. बॅच पंधरा जुलैला सुरू होते म्हणालीस, म्हणजे अजून तीन आठवडे हातात आहेत.

मेसचं विचारलंस. खालच्या मजल्यावर व्यंकटची मेस होती, हे तुला ठाऊक असेल. साठ पोरं जेवायची. परीक्षेच्या दिवशी तो सकाळी भात देत नसे, झोप येते म्हणून. भाकरी, शेपूची भाजी आणि वर दही. एखाद्या पोराच्या ताटात दोन दिवस लागोपाठ भाकरी उरली की तिसऱ्या दिवशी हा त्याच्या घरी फोन करायचा. "काका, पोरगं जेवून न्हाई राहिलं. या एकदा. अभ्यासाचं काही इचारू नका, नुस्तं भेटून जा." उमरीचा एक पालक रात्रीतून आला होता. त्या पोराचं पुढं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही, पण दरवर्षी दसऱ्याला त्याचा फोन यायचा. यंदा आला तर काय सांगू, माहीत नाही. तर मेस अशी असावी. सध्या तशी एकही मला माहीत नाही. सिंधुला मीच करून घालीन. भाकरी थापायला व्यंकटनं शिकवलंय, फक्त काठाला जाड होते.

पुस्तकांचं. नगर वाचनालयात पाखरांवरचं एक जुनं पुस्तक आहे, पहिली पानं गळालीत, म्हणून नाव सांगता येत नाही. डावीकडचं तिसरं कपाट, खालचा कप्पा. अभ्यासाचा वीट आला की त्यातलं एक पाखरू वाचावं. सिनेमा म्हणशील तर परवा महेबूबनं मोबाईलवर एक दाखवला. एक म्हातारी वीस वर्षं एकटीच विहीर खणत असते. पाणी लागतं की नाही, ते शेवटपर्यंत दाखवतच नाहीत. मला फार आवडला. महेबूब म्हणाला, "गुरुजी, आमच्या व्हिडिओ लायब्ररीच्या टायमाला असली कॅसेट दिली असती तर लोकांनी दुकान जाळलं असतं." तरी तिला दाखव.

आणि दर महिन्याला एक कविता पाठ करावी. शाळेच्या पुस्तकातली, सोपी, यमकाची. प्रश्नपत्रिका समोर आली आणि डोकं पांढरं पडलं, तर पेन खाली ठेवायचं, मनात ती कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची, मग पेन उचलायचं. हे कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत.

आप्पा


लातूर, ३० जून २०२४

चि. उज्वला,

सिंधु येऊन गेली. मैत्रीण सादिया आणि सादियाची आई बरोबर होत्या. क्लासचा फॉर्म भरून तिघी खोली बघायला आल्या. तू पाठवलेलं लोणचं पोचलं.

किती उंच झाली गं. आल्या आल्या म्हणाली, "आजोबा, तुम्ही खरंच मूत्रपिंडाचे व्हिडिओ बघता?" मी म्हणालो, विचार काहीही. तिनं विचारलं, मी सांगितलं. एक चुकलं. ती म्हणाली, "चार मार्क गेले, आणि निगेटिव्ह मार्किंगचा एक वेगळा." सादिया खो खो हसली.

कोपऱ्यावर महेबूबचं झेरॉक्सचं दुकान आहे, तो चहा घेऊन आला. दारातच थबकला. "आगं आगं, ही तर आपली उज्वला हाय! फक्त चष्मा लागला!" सिंधु लाजली. मग त्याला म्हणाली, "तुम्हीच ना ते, आईला सिनेमे दाखवणारे?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो चहात साखर कमी पडली म्हणून बाहेर गेला.

खोली तिला पसंत पडली. खिडकीतून कडुलिंब दिसतो. मग आम्ही खाली गेलो. मेस बंद आहे, पण भांडी मी घासून पालथी घातली आहेत. तिनं तो मोठा तवा उचलून बघायचा प्रयत्न केला.

"हे कुणाचं?"

"तुझ्या मामाचं."

तिनं हात काढून घेतला. पदर नव्हता, ओढणीला पुसला.

"मग मी ह्या भांड्यातलं जेवणार नाही आजोबा. राग मानू नका."

"का गं बाळा?"

"मामानं आईची नोकरी खाल्ली. त्याच्या काही कामाचा नव्हता तो कागद, तरी सोडला नाही. आई कुणाला सांगत नाही, पण मला माहितीये. पंचवीस वर्षं विनाअनुदानित शाळेत घालवली तिनं. तुमच्यावर तिचा राग नाहीये. ती म्हणते, आप्पा तरी काय करणार."

महेबूब साखर घेऊन मागं उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. डबी खाली ठेवली आणि निघून गेला.

मी काय म्हणालो, विचारशील. मी म्हणालो, "चहा गार होतोय. पी."

आप्पा


लातूर, ४ जुलै २०२४

उज्वला,

आज खोलीचं काही लिहायचं नाही. हे पत्र एकटी असताना वाच.

भूकंपाच्या साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून आलो आणि महेबूबनं दोन कॅसेटी लावायचं ठरवलं. पहिला सिनेमा झाला, तुझी आई उठली. म्हणाली, "मला बाई झोप आली. पोरांनो, चला घरी." मी म्हणालो, "दुसरा जास्त चांगला आहे, बघू दे त्यांना." ती एकटी गेली. आपण तिघं पटांगणातच सतरंजीवर झोपलो. चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली आणि दगडमातीचं गाव खाली बसलं. तुझी आई, माझी कस्तुरा, तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखाली सापडली. तू सतरा वर्षांची होतीस, व्यंकट चौदा.

गावात नंतर लोक म्हणायचे, गुरुजींनी सिनेमा बघा म्हटलं म्हणून पोरं वाचली. मला ते ऐकवत नसे. तुझ्या आईला एकटीला घरी जाऊही मीच दिलं, असंच मला ऐकू यायचं. पण तुझ्या मनात ते बसलं. तेव्हापासून तू माझ्या शब्दाबाहेर गेली नाहीस. मी सांगितलेली पुस्तकं वाचलीस, डी.एड. कर म्हणालो, केलंस.

मग भूकंपग्रस्ताचा दाखला निघाला. सरकारी भरतीत राखीव जागा. पण एका घराला दाखला एकच, एकाच्याच नावावर, बाकीच्यांनी आमची हरकत नाही म्हणून लिहून द्यायचं. तुझं डी.एड. झालेलं, व्यंकट बारावीला दुसऱ्यांदा नापास. मी म्हणालो, "तू हुशार आहेस, तुला दाखल्याशिवायही लागेल. त्याला आधार लागेल. सही कर." कुठं करू, एवढंच तू विचारलंस.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

व्यंकटनं दोनदा परीक्षा दिली, जमली नाही. २००२ साली तू नांदेडहून पत्र लिहिलंस, शिक्षकांची भरती निघाली आहे, व्यंकटला दाखल्याचा उपयोग नसेल तर तो माझ्या नावावर करून द्या. ते पत्र व्यंकटनंच मला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः महेबूबकडे गेला, स्टॅम्पपेपरवर टाईप करून घेतलं आणि सही करून आणून माझ्या हातात दिलं. "आप्पा, मला ह्यो कागद पचत न्हाई. ताईच्या नावावर करा. मी मेस काढतो. मला सैपाक लई चांगला येतो."

मी तो स्टॅम्पपेपर ट्रंकेत ठेवला. तुला लिहिलं, 'व्यंकट सोडायला तयार नाही.'

का केलं, ते बावीस वर्षं वेगवेगळं सांगत आलोय स्वतःला. आज एकदाच खरं लिहितो. मला वाटलं, तू दिलेली लेक. त्या ढिगाऱ्यातून आपल्या हाती एवढा एकच कागद आला, तो दुसऱ्याच्या घरात कशाला जाऊ द्यायचा. व्यंकट अजून पास होईल अशी आशाही होती, पण ती थोडी. वर्गात मुलींकडून मुलींच्या शिक्षणाच्या कविता मी तालावर म्हणून घ्यायचो, आणि घरी हे.

महिन्याभरानं भागवतराव आले. जावई पहिल्यांदाच संतापलेले पाहिले मी. उंबऱ्यात उभे राहून व्यंकटला नाही नाही ते बोलले, बहिणीच्या ताटातलं खाणारा म्हणाले, पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही म्हणाले. व्यंकटला काहीच कळेना. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्याला सगळं कळलं. त्यानं मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. ते गेल्यावर मला म्हणाला, "असू द्या आप्पा. ताईला आई न्हाई. निदान बाप तरी राहू द्या तिला."

त्यानंतर आम्ही या विषयावर कधी बोललो नाही. नोकरी नाही म्हणून त्याचं लग्न जमलं नाही. दर राखीला तो मेस बंद ठेवायचा. पोरांना सांगायचा, गॅस संपलाय.

तू त्याच्या मातीला आली नाहीस, ते तू नाही ठरवलंस. मी ठरवलं होतं.

तो गेल्यावर मी नुसता गप्प राहिलो, तरी तुझी वाट मोकळी होणार होती. झालीच. तू सिंधुला पाठवायला तयार झालीस. पण ती पोरगी त्याच्या तव्याला लागलेला हात पुसत होती, आणि मी तिला चहा पी म्हणालो.

व्यंकटच्या सहीचा मूळ कागद सोबत जोडलाय. पत्र रजिस्टरनं पाठवतोय. महेबूबच्या दुकानात पाकीट बंद करायला गेलो, तर म्हणाला, "गुरुजी, पोरगी आता कुठं यायला तयार झाली. दोन वर्सं दम धरा. डाक्टर होऊ द्या, मग सांगा."

"आणि दोन वर्षं तिनं त्याला शिव्या देत त्याच्याच खोलीत झोपायचं?"

त्यानं मशीनचं झाकण उघडलं. मग हात पुढं केला. "आना हिकडं. एक झेरॉक्स काढू द्या."

"तुला कशाला?"

"माझ्या दुकानात, ह्या स्टुलावर बसून सही केलती त्यानं. मला पायजे. तुम्ही नका इचारू."

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागायचं तर व्यंकटकडे मागायला हवं होतं, रोज समोर होता तेव्हा.

आप्पा


लातूर, १४ जुलै २०२४, रविवार

उज्वला,

रजिस्टरची पोच आली. त्यावर तुझी सही आहे. पत्र नाही. मी वाटही बघत नाही, असं महेबूबला सांगतो. तो म्हणतो, "मग दर दहा मिन्टाला गॅलरीत कशाला जाता?"

उद्या बॅच सुरू होणार. सिंधु इथं येणार नसेल तर ते मला समजतं. दुसरीकडे राहिली तरी काही गोष्टी लागतील, म्हणून लिहून ठेवतो. तिला मच्छरदाणी दे. पहिले दोन महिने सगळ्यांनाच घरी पळून जावंसं वाटतं, त्याला घाबरू नये. तिसऱ्या महिन्यात वाटलं तर मात्र ऐकावं आणि सरळ घरी न्यावं, फी बुडाली तरी चालेल. परभणीच्या त्या बाईंनी आता वनस्पतिशास्त्राचे धडेही टाकले आहेत. दुखलंखुपलं तर महेबूबकडे जायला सांग, माझ्याकडे नको असेल तर. तो चौकात

कडी वाजतेय. बघून येतो.


भागवतराव आले आहेत.

दार उघडलं तर तेच समोर उभे. केस पांढरे झालेत, मी चटकन ओळखलं नाही. या म्हणालो, तर चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले आहेत.

मी विचारलं, "सिंधुचं सामान आणलंत?"

"न्हाई मामा. तिला हॉस्टेलात टाकलं सकाळी."

"आणि उज्वला?"

"खाली हाय. रिक्षात." त्यांनी जिन्याकडे बघितलं. "वर यायची न्हाई ती. मी लई सांगितलं. व्यंकटचा एखादा फोटो असला तर मागून आना म्हणली. राखीला पायजे म्हणली."

मग म्हणाले, "हितंच उभा व्हतो मी. तवा. लई बोललो त्याला." आणि उंबऱ्याच्या चौकटीवर हात ठेवला, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

पाणी देऊ का म्हणालो, नको म्हणाले. मी आत येऊन फोटो शोधला. एकच आहे, मेसच्या पोरांनी काढलेला. हातात पळी आहे, हसतोय, आणि नेमके डोळे मिटलेत. दुसरा नाही माझ्याकडे. तोच पाकिटात घातलाय आणि हे पत्र त्याच्यामागे सरकवतोय. ते घाई करत नाहीत, पण तू खाली एकटी आहेस.

रिक्षावाल्याला सांग, पुढच्या रस्त्यानं नेऊ नको. रविवारची टेस्ट बाराला सुटते, हजारो पोरं एकदम रस्त्यावर येतात, अर्धा तास हलता येत नाही. मागच्या गल्लीतून, पाण्याच्या टाकीकडून घे म्हणावं. तुला गर्दीत जीव घाबरा होतो.